भेडाघाटला दोन तासांत जाऊन येऊ नका

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून सहा जणांचं कुटुंब हिवाळ्यात जबलपूरला चाललंय. आई-वडील सत्तरीच्या पुढचे, दोन मुलं शाळेत जाणारी. हाताशी दोन दिवस आहेत, त्यातला एक कान्हाकडे निघण्यात जाईल. जबलपूरजवळच्या, नर्मदाकाठच्या भेडाघाटला दोन-तीन तास पुरतील का, नौकाविहार पौर्णिमेला जमवावा का, आणि चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या पायऱ्या ज्येष्ठांना झेपतील का?

मी बरीच वर्षं नर्मदाकाठी अभ्यास-सहलींचे गट नेतो, त्यात महाराष्ट्रातली मंडळी जास्त असतात. त्या अनुभवावरून सांगतो: दोन-तीन तासांत धुवांधार धबधबा बघून, नावेत बसून, फोटो काढून परतता येतं, आणि बहुतेक जण तेच करतात. पण तसं केलंत तर इथलं निम्म्याहून अधिक हातचं जातं. कान्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी निघा आणि भेडाघाटला पूर्ण दीड दिवस द्या. एक रात्र जबलपुरात न राहता भेडाघाटातच काढा. मध्य प्रदेश पर्यटनाचं निवासस्थान आहे, शिवाय छोटी हॉटेलं आणि धर्मशाळाही आहेत. शहरापासून अंतर वीस-पंचवीस किलोमीटरच, पण सकाळी सात वाजता देवळात पोचायचं असेल तर मुक्काम जवळच हवा.

आता क्रम. बहुतेक टॅक्सीवाले तुम्हाला आधी धुवांधारला नेतात, मग नावेला, आणि वेळ उरलाच तर देवळाला. मी हा क्रम उलटा करतो. भेडाघाट समजायचा असेल तर आधी तेवर, मग चौसष्ट योगिनी, मग नदी.

तेवर हे जबलपूर-भेडाघाट रस्त्यालगतचं गाव. आज तिथे त्रिपुरसुंदरीचं जागतं देवस्थान आहे आणि आजूबाजूला शेती. पण हीच कलचुरी राजघराण्याची राजधानी त्रिपुरी. इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकापासून पुढची तीनेकशे वर्षं मध्य भारतातली एक मोठी सत्ता इथून चालली. पहिल्या युवराजदेवाच्या दरबारात कवी राजशेखर होता. तो कनौजच्या प्रतीहारांकडून इथे आला होता, आणि आपल्या पणजोबाचा, अकालजलदाचा, उल्लेख तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ असा करतो. म्हणजे आपल्याकडच्या घराण्यातला माणूस हजार वर्षांपूर्वी या नदीकाठी नाटकं लिहीत होता. आणि या कलचुरींचा इतिहास आज आपल्याला सलग वाचता येतो तोही बऱ्याच अंशी मराठी विद्वानांमुळे. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरींचे शिलालेख आणि ताम्रपट एकत्र संपादित केले, ते १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या थोडं आधी, १९५२ च्या सुमारास, मो. गं. दीक्षित यांनी सागर विद्यापीठातर्फे त्रिपुरीत उत्खनन केलं. तेवरला फार वेळ लागत नाही. देवीचं दर्शन घ्या, गावात इकडे-तिकडे भिंतीशी टेकून ठेवलेले कोरीव दगड दिसले तर थांबून पाहा, आणि पुढे निघा. मुलांना एवढंच सांगा की पुढे डोंगरीवर जे देऊळ दिसेल ते या राजधानीतल्या लोकांनी बांधलं.

चौसष्ट योगिनींचं (योगिनी म्हणजे तांत्रिक उपासनेतल्या देवी) मंदिर ही माझ्या मते भेडाघाटातली सर्वांत महत्त्वाची जागा आहे. धबधबे भारतात खूप आहेत, पण असं देऊळ क्वचित आढळतं. ओडिशातलं हिरापूर आणि राणीपूर-झरियाल, मुरैनाजवळचं मितावली, खजुराहोचं चौकोनी योगिनी मंदिर आणि हे, अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. देवळाला छप्पर नाही. एका मोठ्या गोल अंगणाभोवती आतल्या बाजूला तोंड करून देवकोष्ठांची, म्हणजे मूर्तींच्या कोनाड्यांची, रांग आहे, वर मोकळं आकाश. व्यास सव्वाशे फुटांच्या आसपास भरतो. नाव चौसष्टचं असलं तरी इथे कोष्ठं एक्क्याऐंशी आहेत. नऊ गुणिले नऊ हा आकडा राजघराण्याच्या उपासनेशी जोडला जातो असं अभ्यासक मानतात. त्रिपुरीसारखी राजधानी हाकेच्या अंतरावर असताना ते पटण्यासारखं आहे.

काळ साधारण दहाव्या शतकाची अखेर किंवा अकराव्याची सुरुवात. मूर्ती जवळजवळ सगळ्या भग्न आहेत. कुणाचे हात गेलेत, कुणाचा चेहरा. तरीही त्यांची बैठक, दागिने आणि पायाशी कोरलेली वाहनं नीट पाहिलीत तर प्रत्येक वेगळी निघते. एक हत्तीच्या मुखाची आहे, ती मुलांना सगळ्यात आधी सापडते. एक महिषासुराला मारणारी आहे. खाली पीठावर नाव कोरलेलं आहे, ‘श्री तेरंवा’. होय, पीठांवर नावं आहेत! हे बहुतेकांना कुणी दाखवतच नाही. खाली बसून पाहिलंत तर हजार वर्षांपूर्वीची नागरी लिपी दिसते. तिरप्या उजेडात ‘श्री’ हे अक्षर ओळखता येतं आणि थोडा सराव झाला की पुढचं एखादं अक्षरही. म्हणूनच सकाळी लवकर जा. दुपारी ऊन डोक्यावर आलं की अक्षरं दगडात विरघळतात, आणि अनवाणी चालताना फरशी पोळते ती वेगळीच. ज्येष्ठांसाठी जाडे पायमोजे बरोबर ठेवा.

पायऱ्यांचं म्हणाल तर शंभराहून जास्त आहेत आणि काही उंच आहेत. गुडघेदुखी असेल तर सावकाश, मध्ये दोनदा बसून चढता येतं. माझ्या गटांमधले सत्तरी-पंचाहत्तरीचे लोक चढलेत. पण हृदयविकार असेल किंवा तोल जात असेल तर आग्रह करू नका. उतरताना जास्त काळजी घ्या, पाय घसरतात ते उतरतानाच.

अंगणाच्या मध्यात (नेमक्या केंद्रात नव्हे, जरा बाजूला) गौरीशंकराचं देऊळ आहे. इथे पूजा चालू आहे. नंदीवर बसलेले शंकर-पार्वती असा विग्रह आहे आणि तो मोठा देखणा आहे. हे देऊळ योगिनींच्या वर्तुळानंतरचं. कलचुरी राणी आल्हणदेवीचा ११५५ सालचा एक लेख भेडाघाटात मिळाला होता. ती मेवाडच्या गुहिलांची कन्या, गयाकर्णाची विधवा, नरसिंहदेवाची आई. तिने इथे शिवमंदिर बांधलं, त्याला मठ आणि अध्ययनशाळा जोडली, असं त्या लेखात आहे. तो शिलालेख एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला गेला, त्यामुळे तुम्हाला इथे दिसणार नाही.

मठावरून आठवलं. कलचुरींचे गुरू शैव संन्यासी होते, आणि त्यांच्या ‘गोलकी मठा’ची शाखा पुढे थेट आंध्रात पोचली. काकतीय राजा गणपतिदेवाचा गुरू विश्वेश्वर शंभू याच परंपरेतला. हा मूळ गोलकी मठ म्हणजे भेडाघाटचं हे गोल देऊळ असावं असं मत मिराशींनी मांडलं. सगळ्यांना ते मान्य नाही, काही जण मठाची जागा मध्य प्रदेशातल्या रेवा शहराच्या भागात शोधतात. पण त्या अंगणात उभं राहिल्यावर मला मिराशींचं म्हणणं खरं वाटतं, हे कबूल करतो.

देवळातून नदीकडे बघा. इथून पुढचा भूगोल कळतो. नर्मदा पूर्वेकडून पसरट पात्रातून येते, अचानक एका पांढऱ्या खडकाच्या पट्ट्याला अडते, धुवांधारला खाली कोसळते आणि मग सुमारे तीन किलोमीटर एका अरुंद खिंडीतून जाते. हा खडक संगमरवर, पण राजस्थानातल्या मकराण्यासारखा नव्हे. मॅग्नेशियमयुक्त डोलोमाइटी संगमरवर आहे. एकेकाळी समुद्रतळाशी साचलेला चुनखडीसारखा गाळ, तो उष्णतेने आणि दाबाने बदलून असा झाला. वय १८० कोटी वर्षांहून जास्त. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, त्याच्यापुढे तो अगदीच अलीकडचा. पांढऱ्या भिंतींमध्ये काळ्या-हिरवट रंगाचे उभे पट्टे दिसतील, ते खालून भेगांत घुसलेल्या लाव्हारसाचे. सगळा खडक मोडलेला, भेगाळलेला आहे कारण नर्मदा ज्या खचदरीतून वाहते ती भूपृष्ठातली जुनी कमकुवत रेषा आहे. २२ मे १९९७ ला जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला तोही याच रेषेवरचा.

मुलांना खडकांची आवड असेल तर अर्धा तास वाकडी वाट करून लमेटा घाटाला जा. धुवांधारच्या वरच्या बाजूला, नदीकाठीच आहे. फिकट, चुनखडीयुक्त थर दिसतात. जगभरचे भूवैज्ञानिक या थरांना लमेटा म्हणूनच ओळखतात, आणि डायनासोर शेवटच्या काळात ज्या जमिनीवर फिरत होते ती ही जमीन. १८२८ मध्ये स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला (ठगांचा बंदोबस्त करणारा तोच) जबलपूरच्या छावणीजवळ मोठी हाडं मिळाली. त्या वेळी ‘डायनासोर’ हा शब्दसुद्धा अस्तित्वात नव्हता, तो १८४२ मध्ये आला. त्या हाडांना १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस इंडिकस असं नाव मिळालं. पुढे या परिसरात डायनासोरची अंडी आणि घरटीही सापडली. हेच थर आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला उघडे पडलेत, तेव्हा विदर्भातल्या वाचकांना हे शेजारचंच आहे. एक विनंती: लमेटाला दगड फोडू नका, काही उचलून आणू नका. भेडाघाट-लमेटाघाट हा सगळा परिसर २०२१ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहे, आणि प्रत्येकाने एकेक तुकडा खिशात घातला तर दाखवायला काही उरणार नाही.

आता धुवांधार. पार्किंगपासून धबधब्यापर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंना दगडी वस्तूंची दुकानं आहेत. धबधब्याची उंची फार नाही, पण पाणी प्रचंड आणि उडणारे तुषार धुरासारखे. तुम्ही हिवाळ्यात जाताय ते उत्तम. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात काही जण मुद्दाम ‘धबधबा भरलेला असेल’ म्हणून जातात आणि निराश होतात. कारण मोठ्या पुरात खालच्या खिंडीतलं पाणी इतकं चढतं की धबधबाच बुडून जातो, नुसतं खळाळतं पात्र दिसतं. वर बरगी धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की पाणी झपाट्याने वाढतं. तेव्हा हिवाळ्यातसुद्धा कठड्यापलीकडे जाऊ नका. ओला संगमरवर तेल लावल्यासारखा असतो. इथे दर वर्षी फोटोपायी माणसं जिवानिशी जातात. मुलांचा हात सोडू नका, हे मी गटातल्या प्रत्येक पालकाला दोनदा सांगतो. तुम्हालाही सांगतो.

रोपवेने पलीकडच्या काठावर जाता येतं. ज्येष्ठांसाठी तो चांगला पर्याय आहे, कारण वरून धबधबा आणि खिंडीचं तोंड एका नजरेत येतं. पण तुमच्याबरोबर कुणी परिक्रमेत असेल तर ते रोपवेत बसणार नाहीत, नावेतही नाही. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नाही, ती कायम उजव्या हाताला ठेवायची. महाराष्ट्रातून हजारो लोक परिक्रमा करतात, त्यामुळे घाटावर पाठीला पिशवी आणि हातात काठी घेतलेले, मराठीत बोलणारे लोक तुम्हाला नक्की भेटतील. ‘नर्मदे हर’ म्हणा, थांबून बोला. त्यांना चहा, फळं, पायाला लावायला मलम असं काही देता आलं तर द्या. इथला स्थानिक माणूस ते करतोच.

नौकाविहार पंचवटी घाटावरून होतो. पावसाळ्यात, साधारण जूनअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, तो बंद असतो. नाव प्रवाहाविरुद्ध खिंडीत शिरते. दोन्ही बाजूंना शंभरेक फुटांच्या भिंती. पाणी खोल आणि जवळपास स्तब्ध, धबधब्याचा आवाज वळणामागे राहतो. एका जागी भिंती इतक्या जवळ येतात की त्या जागेला ‘बंदरकूदनी’ म्हणतात. पूर्वी इथे माकडं या तीरावरून त्या तीरावर उडी मारत असत असं सांगतात. नावाडी यमकात बोलतात, प्रत्येक खडकाला एक नाव आणि एक कथा. ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कला आहे आणि मला ती फार आवडते. ते बोलत असताना बोला, हसा, दाद द्या. पण परतीच्या अर्ध्या वाटेत ‘भैया, थोडी देर चुप चलेंगे’ म्हणा, ते ऐकतात. आधी दर विचारून घ्या, लाइफ जॅकेट सगळ्यांनी घाला, ज्येष्ठांना नावेच्या मध्यावर बसवा.

वेळ कुठली? दुपारी बाराला पांढरा खडक डोळ्यांवर येतो आणि रंग हरवतात. साडेतीन-चारनंतर भिंती पिवळट, गुलाबी, राखी अशा वेगवेगळ्या दिसू लागतात. माझी पसंती त्या वेळेला. एक सूचना मात्र गांभीर्याने घ्या: कड्यांवर आग्यामोहोळं असतात. नावेत विडी-सिगारेट ओढणं, फटाके, मोठा आरडाओरडा पूर्ण टाळा. एकोणिसाव्या शतकात मधमाश्यांच्या हल्ल्यातून सुटण्यासाठी इथे एका इंग्रज अभियंत्याने पाण्यात उडी घेतली आणि तो बुडाला, अशी नोंद त्या काळच्या लिखाणात आहे.

पौर्णिमेबद्दल तुम्ही विचारलंत. चांदण्यातला भेडाघाट हा अनुभव आहे खरा, पण एक व्यावहारिक अडचण कुणी सांगत नाही. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. खिंडीच्या भिंती उंच, त्यामुळे सात-आठ वाजेपर्यंत पाण्यावर चांदणं पोचतच नाही, आणि ज्येष्ठ-मुलं तोवर दमलेली असतात. त्रयोदशी-चतुर्दशीला चंद्र लवकर उगवतो, सातच्या सुमारास चांगला वर असतो, आणि गर्दीही कमी. रात्रीच्या नावा चालू आहेत का हे घाटावर सकाळीच विचारून ठेवा, कारण ते पाणी आणि परवानगी यांवर ठरतं. शरद पौर्णिमेला नर्मदा महोत्सव असतो आणि कार्तिकी पौर्णिमेला मोठी जत्रा. जत्रा बघायचीच असेल तर अवश्य या. पण निवांतपणा हवा असेल तर ते दिवस टाळा. तुमच्या कुटुंबासाठी मी चतुर्दशीची संध्याकाळ निवडेन.

खरेदीचं. भेडाघाटचं दगडी कोरीवकाम प्रसिद्ध आहे, जबलपूर स्टोन क्राफ्टला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बऱ्याच वस्तू मऊ शंखजिऱ्याच्या असतात, नखाने ओरखडा पडतो. त्यात फसवणूक नाही, तो इथला कामाचा दगडच आहे, फक्त ‘संगमरवर’ म्हणून संगमरवराची किंमत देऊ नका. शक्य असेल तर जो कारागीर दुकानातच बसून कोरत असतो त्याच्याकडून घ्या. मुलांना तो हातात पटाशी देऊन दाखवतोसुद्धा. नाव कोरून मिळतं. देवघरासाठी बाणलिंग (नर्मदेतल्या गोट्याचं शिवलिंग) हवं असेल तर ती परंपरा ओंकारेश्वरजवळच्या बकावाँ गावाची. भेडाघाटात मिळणारी सगळी लिंगं नदीत आपोआप घडलेली नसतात.

आणखी अर्धा दिवस काढता आला तर तो जबलपूरला द्या. राणी दुर्गावती संग्रहालयात कलचुरी मूर्ती आहेत, योगिनी बघून झाल्यावर त्या दुप्पट कळतात. मदनमहाल हा गोंड राजांचा छोटा किल्ला, जवळच ग्रॅनाइटच्या दोन शिळांचा तोल सांभाळणारा प्रसिद्ध दगड आहे. तो १९९७ च्या भूकंपातही हलला नाही. राणी दुर्गावती २४ जून १५६४ ला अकबराच्या सरदाराशी, आसफखानाशी, लढताना पडली. या मुलखात आजही तिचं नाव घराघरात आहे. १७८१ नंतर हा भाग सागरच्या मराठ्यांकडे आला, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे, आणि १८१७ ला इंग्रजांकडे गेला. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीचा कमानिया गेट बाजारातच आहे. तापाने फणफणलेले सुभाषबाबू स्ट्रेचरवरून अधिवेशनाला आले होते ते हेच. कमानियाच्या आसपास खव्याची जिलबी मिळते, काळपट आणि जड, ती गरम असतानाच खा. मंगोडे, म्हणजे मूगडाळीची भजी, तीही चांगली. संध्याकाळी ग्वारीघाटाची आरती बघा, तिथून नावेने पलीकडच्या गुरुद्वाऱ्यात जाता येतं. ज्येष्ठांना घाटाच्या वरच्या पायरीवर बसवलंत तर तिथूनही आरती नीट दिसते.

शेवटी नदीबद्दल. पूजेचं साहित्य प्लास्टिकच्या पिशवीतून नेऊ नका. दिवा सोडायचा असेल तर पानाच्या द्रोणात सोडा. जुने फोटो, देवांच्या तसबिरी, कपडे हे नदीत टाकण्याची प्रथा आपल्या लोकांतही आहे आणि घाटावरचे सफाई कामगार दुसऱ्या सकाळी ते सगळं गाळातून उपसतात. घरातून निघतानाच असं काही बरोबर घेतलं असेल तर ते परत घेऊन या.

प्रवासासाठी मुंबईहून इटारसीमार्गे थेट गाड्या आहेत आणि जबलपूरच्या मुख्य स्थानकावर उतरणं सोयीचं. नागपूरहून रस्त्याने सिवनीमार्गे येता येतं, पेंचच्या जंगलातून जाणारा रस्ता चांगला आहे. तुमच्या तारखा कळवल्यात तर त्रयोदशी-चतुर्दशी धरून दोन दिवसांचं वेळापत्रक लिहून देईन. त्यात ज्येष्ठांच्या गुडघ्यांसाठी सकाळी देवळाकडे किती वाजता निघायचं तेही असेल.